प्राध्यापक ग्रंथालयात येत नाहीत, तेव्हा ग्रंथपालानं अभ्यासक्रम हातात घ्यावा

तालुक्याच्या ठिकाणच्या एका अनुदानित महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या ग्रंथपालांनी विचारलं आहे: "आमचे प्राध्यापक ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला येतात, नाहीतर ना-देय दाखल्यावर सही घ्यायला. नवीन पुस्तकांची यादी फलकावर लावली, ई-संसाधनांची कार्यशाळा घेतली, काही फरक पडला नाही. त्यांच्या शिकवण्याला उपयोग होईल असं ग्रंथालयानं नेमकं काय करावं? माझ्यासोबत कर्मचारी दोनच आहेत."

मी सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात २८ वर्षं ग्रंथपाल होते. तुमचं वर्णन वाचून मला माझी सुरुवातीची वर्षं आठवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: सुरुवात पुस्तकांपासून करू नका, अभ्यासक्रमापासून करा. फलकावरची यादी ही आपल्याकडे काय आलं ते सांगते. प्राध्यापकांना हवं असतं ते दुसरंच. सोमवारी द्वितीय वर्षाला तिसरं युनिट सुरू करायचं आहे, त्याला काय आहे, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवणारं ग्रंथालय त्यांना आपलं वाटतं.

पहिली चार-पाच वर्षं मीही तुमच्यासारखंच करत होते. चांगली पुस्तकं आणायची, त्यांचं वर्गीकरण आणि तालिकीकरण (सूचीतल्या नोंदी) चोख ठेवायचं आणि ज्याला हवं तो येईल अशी वाट पाहायची. सर्व प्राध्यापक माझ्याशी आपुलकीनं बोलत, पण तासाच्या तयारीसाठी कुणी येत नसे. स्वतःच्या जुन्या नोट्स आणि बाजारातली क्रमिक पुस्तकं यांवर त्यांचं भागत होतं, आणि प्राध्यापकांचं जेवढ्यावर भागतं तेवढ्यावरच विद्यार्थ्यांचंही भागतं.

मग एका वर्षी तृतीय वर्षाच्या अर्थशास्त्राचा एक पेपर बदलला. विभागातल्या मॅडम अभ्यासक्रमाची प्रत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सहकाराचं युनिट नव्यानं आलंय, काही मिळेल का?" मी त्यांना ३३४ क्रमांकाच्या कपाटाकडे नेलं. आठ-नऊ पुस्तकं होती, बरीचशी जुनी. त्यांनी दोन घेतली आणि गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की काम झालेलं नाही.

त्या संध्याकाळी मी अभ्यासक्रमाची प्रत घेऊन बसले. शेवटी संदर्भग्रंथांची यादी होती, १६ पुस्तकांची. आमच्याकडे त्यांतली पाच होती. दोन पुस्तकांच्या लेखकांची नावं चुकीची छापलेली होती, तीन पुस्तकं बाजारात मिळेनाशी झाली होती आणि बहुतेक यादी इंग्रजी, तर आमची जवळजवळ सगळी मुलं मराठीतून पेपर लिहिणारी. यादीबाहेर मात्र आमच्याच ग्रंथालयात पुष्कळ काही होतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत सहकार ३३४ला जातो, शेतीचं अर्थशास्त्र ३३८.१ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ला आणि चरित्रं आणखी वेगळ्या कपाटात. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, त्याचे संस्थापक विठ्ठलराव विखे पाटील, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याबद्दलचा मजकूर असा चार ठिकाणी विखुरलेला होता. १९५४ साली आलेल्या ग्रामीण पतपाहणी अहवालाचा एक खंड तर शासकीय अहवालांच्या गठ्ठ्यात सुतळीनं बांधलेला सापडला. गाडगीळ त्या पाहणी समितीचे सदस्य होते. म्हणजे कारखाना उभा करायला हातभार लावणारा माणूस आणि खेड्यातल्या कर्जाचा हिशोब मांडणारा माणूस एकच. तासाला सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट कुठली? पण ३३४च्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या प्राध्यापकांना ती दिसणं शक्य नव्हतं. ती फक्त ग्रंथपालाला दिसू शकते, कारण सगळी कपाटं रोज त्याच्या हाताखालून जातात.

तीन संध्याकाळी बसून मी एक तक्ता केला. डावीकडे युनिट आणि त्यातला उपघटक, मग पुस्तक, क्रमांक, भाषा, आमच्याकडे प्रती किती, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पानं. "प्रकरण ४, पानं ६१ ते ७८" अशी नेमकी. ज्या उपघटकाला काहीच मिळालं नाही तिथं "आपल्याकडे नाही" असं स्पष्ट लिहिलं. तो कागद मी स्वतः विभागात नेऊन दिला. मॅडमनी तो उभ्यानंच वाचला आणि पाचव्या दिवशी वर्गातले प्रश्न घेऊन त्या आपणहून ग्रंथालयात आल्या. पुढच्या वर्षी इतिहास आणि राज्यशास्त्राचे सर आपापले अभ्यासक्रम घेऊन आले. मी कुणालाही बोलावलं नव्हतं.

पानांचा आग्रह मी का धरते ते सांगते. दिवसाला चार तास घेणाऱ्या, शिवाय परीक्षा, प्रवेश, वेगवेगळ्या समित्या सांभाळणाऱ्या माणसाकडे उद्याच्या तासाच्या तयारीला एखादा तास उरतो. चारशे पानांचं पुस्तक हातात दिलं तर ते टेबलावर पडून राहतं. अठरा पानं दाखवली तर ती त्याच रात्री वाचली जातात. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणाऱ्या रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे, हे आपण सगळे परीक्षेपुरतं पाठ करतो. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, त्याआधी ते गणित शिकवत होते. शिकवणाऱ्याचा वेळ म्हणजे काय हे त्यांना आतून ठाऊक होतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

एका पेपरच्या तक्त्याला सरावानंतर साधारण दोन दिवस लागतात. सगळ्या विभागांचे तक्ते एका वर्षात करायला जाऊ नका, तुमच्याकडे दोनच माणसं आहेत. वर्षाला पाच-सहा पेपर घ्या. ज्या वर्गाचा अभ्यासक्रम त्या वर्षी बदलतो आहे, तो आधी. नवीन शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम भराभर बदलत आहेत आणि भारतीय ज्ञानपरंपरेसारखे विषय अशा प्राध्यापकांकडे आले आहेत ज्यांनी ते स्वतः कधी शिकलेले नाहीत. अशा वेळी मदतीची गरज खरी असते आणि ती लगेच लक्षात राहते.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते. तक्ता द्यायला विभागप्रमुखांकडे जाल तेव्हा घड्याळी तासिकेवर (सीएचबी), म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणाऱ्यांना विसरू नका. आपल्याकडे कितीतरी विभाग सीएचबीवरच चालतात. तीन-तीन पेपर त्यांच्याच गळ्यात असतात, आणि अनेक ग्रंथालयांत त्यांना दोन पुस्तकं मिळतात, तीही अनामत रक्कम भरून. कायम प्राध्यापकांना वीस आणि त्यांना दोन. कारण विचारलं तर उत्तर येतं की ते कधी सोडून जातील सांगता येत नाही. मी ग्रंथालय समितीत हा विषय तीन वेळा मांडला. तिसऱ्यांदा मंजूर झाला: विभागप्रमुखांच्या हमीवर दहा पुस्तकं, आणि ई-संसाधनांचं खातं सर्वांना सारखं. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत आमचं एकच पुस्तक गेलं, आणि त्याचे पैसे ते नेणाऱ्या मुलीनं दुसऱ्या गावाहून मनीऑर्डरनं पाठवले. ग्रंथालयाचा सर्वांत जास्त उपयोग कुणी केला असेल तर याच मंडळींनी. सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचा अभ्यास, पीएच.डी.चं काम आणि शिकवणं हे सगळं त्यांचं एकाच वेळी चाललेलं असतं.

आता प्रतींचा प्रश्न. प्राध्यापक वर्गात सांगतात, "अमुक पुस्तकातलं दुसरं प्रकरण वाचून गृहपाठ लिहा." वर्गात ऐंशी मुलं, आपल्याकडे प्रती दोन. पहिल्या दिवशी दोन मुलं पुस्तकं घेऊन जातात, बाकीची अठ्ठ्याहत्तर काउंटरवर येऊन रिकाम्या हातानं परततात. त्यांतली निम्मी पुन्हा कधी येत नाहीत. याचा दोष कुणा एकाचा नाही. प्राध्यापकांना प्रती किती ते माहीत नसतं आणि आपल्याला गृहपाठ कधी दिला ते माहीत नसतं. मी एक साधी विनंती केली होती: गृहपाठ देण्याआधी आठ दिवस चिठ्ठी पाठवा, नाहीतर फोन करा. चिठ्ठी आली की ती पुस्तकं घरी देणं बंद करायचं, दाराजवळच्या वेगळ्या कपाटात ठेवायची, वर वर्गाचं आणि प्राध्यापकांचं नाव लिहायचं, आणि ती वाचनकक्षात दोन-दोन तासांसाठी द्यायची. संध्याकाळी पाचनंतर नेऊन सकाळी अकराच्या आत परत करायची मुभा. एस.टी.नं ये-जा करणाऱ्या मुलांसाठी ही रात्रीची सोय फार मोलाची असते, कारण शेवटची गाडी चुकवून ती वाचनकक्षात थांबू शकत नाहीत.

त्याबरोबर झेरॉक्सचा प्रश्न येतोच. प्रकरण झेरॉक्स करून दिलं तर चालतं का, असं प्राध्यापक विचारतात, आणि आपण बरेचदा घाबरून नाही म्हणतो. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२व्या कलमात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानावर आणि विद्यापीठावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी दावा लावला होता, कारण तिथं अभ्यासक्रमाप्रमाणे निवडक प्रकरणांचे संच तयार करून विकले जात. सप्टेंबर २०१६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठानंही मूळ तत्त्व मान्य केलं की शिकवण्याच्या हेतूला जेवढा मजकूर आवश्यक आहे तेवढा वापरता येतो. पुढे २०१७मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. याचा अर्थ अख्खं क्रमिक पुस्तक छापून वाटावं असा नाही, आणि जे पुस्तक बाजारात दीडशे रुपयांना मिळतं त्याच्या प्रती विकतच घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. पण न मिळणाऱ्या किंवा न परवडणाऱ्या पुस्तकातली नेमकी वीस पानं वर्गासाठी हवी असतील तर प्राध्यापकांना अडवू नका. संच तयार करून द्या, पहिल्या पानावर पुस्तकाचा पूर्ण संदर्भ घाला आणि एक संच राखीव कपाटात ठेवा.

मराठी माध्यमाचा विषय मला सर्वांत जवळचा आहे, कारण आपल्याकडची खरी टंचाई तिथं आहे. प्राध्यापकांनी एम.ए. इंग्रजी पुस्तकांवर केलेलं असतं, शिकवायचं मात्र मराठीतून, आणि संज्ञेपाशी येऊन अडतं. एकाच कल्पनेला तीन क्रमिक पुस्तकांत तीन मराठी शब्द आणि परीक्षेत चौथा. यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश प्रत्येक विभागाच्या टेबलावर असायला हवेत: अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, ज्याचा त्याला. हे कोश आता इंटरनेटवरही पाहता येतात. आपल्या वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश तर घरबसल्या वाचता येतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेल्या त्या कामातल्या नोंदी काही बाबतींत जुन्या झाल्या आहेत, हे प्राध्यापकांना आधीच सांगावं. पण विज्ञानाची एखादी संकल्पना मराठीत नेमकी कशी मांडायची याचा तो आजही उत्तम धडा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची शेकडो पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं आपला जुना संग्रह, त्यात अहवाल आणि दुर्मीळ मराठी पुस्तकंही, डिजिटल स्वरूपात खुला केलेला आहे. मराठीच्या प्राध्यापकांना मी दाते सूची दाखवायची. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची तयार केली, पुढच्या खंडात ती १९५०पर्यंत आणली. पदव्युत्तर वर्गाच्या हातात ती एकदा दिली की प्रकल्पाचे विषय मुलं स्वतः शोधू लागतात.

गॅझेटिअरचा, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाचा, एक अनुभव सांगायलाच हवा. इतिहासाच्या सरांना मुलांकडून स्थानिक इतिहासाचा प्रकल्प करून घ्यायचा होता, पण मुलं इंटरनेटवरून उतरवून आणत. मी सुचवलं की मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८५चा सातारा खंड घेऊ. प्रत्येक मुलानं त्यात आपलं गाव किंवा जवळचं बाजारगाव शोधायचं, तिथं दिलेल्या तीन गोष्टी टिपायच्या आणि आज त्यांचं काय झालं हे घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहायचं. पुस्तक इंग्रजीत, भाषा जुनी, म्हणून मी आणि सरांनी मिळून लागणाऱ्या शब्दांची दोन पानं मराठीत करून दिली. कुणाच्या गावचा घाटरस्ता, कुणाच्या गावचा आठवड्याचा बाजार, कुणाच्या आजोबांनी पाहिलेली पडकी गढी. असे प्रकल्प मी आधी कधी वाचले नव्हते. त्या वर्षी उतरवून आणायला जागाच नव्हती, कारण प्रश्नच प्रत्येकाचा वेगळा होता. ग्रंथालयाची शिकवण्याला मदत म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी तो प्रकल्प सांगते. पुस्तक आमच्याकडे कित्येक वर्षं पडून होतं. प्राध्यापक आणि ग्रंथपाल एका टेबलाशी बसले, तेव्हा त्याचा धडा झाला.

जुलैमध्ये सगळ्या नव्या मुलांना रांगेनं ग्रंथालयात फिरवण्याची पद्धत आहे. ती बंद करा असं म्हणत नाही, पण तिच्यावर फार वेळ घालवू नका. मुलांना तेव्हा काहीच शोधायचं नसतं. त्याऐवजी प्राध्यापकांना सांगा, गृहपाठ दिल्याच्या आठवड्यात एक तास वर्ग माझ्याकडे आणा, आणि तुम्हीही थांबा. मी चार टेबलांवर चार प्रकारचं साहित्य ठेवायची: कोश, पुस्तकं, नियतकालिकं, आणि एका संगणकावर ई-संसाधनं. मुलांचे गट करून प्रत्येक टेबलावर दहा मिनिटं, प्रत्येक ठिकाणी आपल्याच विषयाचं एक उत्तर शोधायचं. प्राध्यापक तिथं असणं आवश्यक आहे. ते नसले की मुलांना ही ग्रंथालयाची सहल वाटते, ते असले की अभ्यास वाटतो.

ई-संसाधनांबद्दल तुम्ही लिहिलंय की कार्यशाळेचा उपयोग झाला नाही. तो होतही नाही. साठ माणसं, एक प्रोजेक्टर, आणि पडद्यावर कुणाच्याच विषयाचा नसलेला शोध. विद्यापीठं-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना २०१०पासून चालू आहे. अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला ५,००० रुपये आणि वर जीएसटी भरून सहा हजारांहून अधिक नियतकालिकं आणि लाखाहून जास्त ई-पुस्तकं मिळतात. त्याहून स्वस्त काहीही आपण वर्षभरात विकत घेत नाही. तरी विचारून पाहा, किती प्राध्यापकांनी पासवर्ड आल्यानंतर पुन्हा एकदा तरी प्रवेश केला आहे. मी कार्यशाळा सोडून दिल्या आणि एकेका प्राध्यापकाच्या शेजारी वीस मिनिटं बसायला लागले. मोकळा तास बघायचा, आधी विचारून घ्यायचं की पुढच्या आठवड्यात वर्गात काय आहे, आणि तेवढ्याच विषयावर त्यांच्याच मोबाइलवर दोन लेख आणि एक प्रकरण उतरवून द्यायचं. मोबाइलवर पासवर्ड जतन झाला की निम्मं काम झालं. प्राध्यापकांना घरूनही प्रवेश मिळतो ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते.

शोधगंगा या पीएच.डी.च्या प्रबंधांच्या संकेतस्थळाबद्दलही एक युक्ती सांगते. तिथले प्रबंध प्रकरणवार उघडतात. नवा विषय शिकवायला आलेल्या प्राध्यापकांना त्या विषयावरच्या प्रबंधातलं पूर्वसंशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची काढून द्यायची. कुणीतरी चार-पाच वर्षं घालवून गोळा केलेला रस्ता आयता मिळतो. प्रबंध चांगला असेलच असं नाही, पण सूची बहुधा उपयोगी पडते, आणि मराठीतले प्रबंधही तिथं आहेत. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं आली आहेत. ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनातल्या संस्थांसाठी आहे. आपल्यासारख्या खाजगी संस्थेच्या महाविद्यालयानं आधी पात्र संस्थांची यादी पाहावी आणि मगच प्राध्यापकांना सांगावं. चुकीची आशा लावली की पुढची खरी सूचनाही कुणी वाचत नाही.

संशोधनाचा भाग शिकवण्यापासून वेगळा वाटतो, पण बढतीच्या काळजीत असलेल्या माणसाचं लक्ष वर्गात राहत नाही, म्हणून तोही आपला विषय आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. आता नियतकालिक कसं आहे हे संस्थेनं आणि प्राध्यापकांनी स्वतः ठरवायचं आहे. यादी असतानाही फसवणूक होतच होती. आमचे एक सहकारी मोबाइलवर आलेल्या संदेशावरून एका नियतकालिकाला पैसे भरून बसले. नाव एका जुन्या प्रतिष्ठित नियतकालिकाचं, संकेतस्थळ हुबेहूब, आणि लेख चार दिवसांत स्वीकारला. बढतीच्या छाननीत तो लेख बाद झाला. ते माझ्याकडे पैसे भरण्याआधी आले असते तर दहा मिनिटांत कळलं असतं: नियतकालिकाचा आयएसएसएन हा ओळख क्रमांक अधिकृत नोंदीत कुणाच्या नावावर आहे, संपादक मंडळातली माणसं आपापल्या विद्यापीठांच्या संकेतस्थळावर ते पद सांगतात का, मागचे अंक खरोखर आहेत का, आणि परीक्षणाला किती दिवस लागतात. त्यानंतर मी विभागांत एवढंच सांगून ठेवलं की पैसे भरण्याआधी मला दुवा पाठवा, मी कुणाला काही बोलणार नाही. तो विश्वास महत्त्वाचा आहे.

साम्य तपासणीचंही, म्हणजे लेखातला मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का ते पाहण्याचंही, तसंच. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि योग्य संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची वगैरे त्यातून वगळतात. सॉफ्टवेअरचा अहवाल आला की ग्रंथपालानं तो पोलिसासारखा हातात देऊ नये. शेजारी बसून कुठली वाक्यं आपल्या शब्दांत लिहावी लागतील ते दाखवावं. ते प्राध्यापक पुढे तीच गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना शिकवतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

खरेदीबद्दल. फेब्रुवारी संपत आला की अनुदान ३१ मार्चच्या आत खर्च करायचं असतं, प्राध्यापकांकडून याद्या येत नाहीत, आणि मग विक्रेता गाडी भरून जे आणतो त्यातून निवड होते. मला स्वतःला दोन वर्षं असं करावं लागलं आणि ती पुस्तकं अजून तशीच कोरी असतील. तुमच्या तक्त्यांतली "आपल्याकडे नाही" ही नोंद इथं कामाला येते. वर्षभर ती एका वहीत उतरवत राहा. मार्चमध्ये तुमच्याकडे विभागवार, युनिटवार गरजेची यादी तयार असेल आणि ग्रंथालय समितीत तुमच्या शब्दाला वजन येईल. पुस्तक आलं की ज्यांनी मागितलं त्यांना त्याच दिवशी फोन करा. दाखल नोंदवही, शिक्का, लेबल हे सगळं त्या एका पुस्तकापुरतं तासाभरात उरकून घ्या. मागितलेलं पुस्तक सहा महिन्यांनी कपाटात अचानक दिसलं की प्राध्यापक पुन्हा मागत नाहीत.

कर्मचारी दोनच, हा तुमचा अडथळा खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे जादू नाही. काहीतरी सोडावं लागेल. मी नवीन पुस्तकांची सजवलेली प्रदर्शनं कमी केली, दिनविशेषाचे फलक विद्यार्थी मंडळाकडे दिले, आणि देवघेवीचे तास असे बांधले की दुपारी दोन ते तीन काउंटर परिचराकडे आणि मी विभागांत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी लागणाऱ्या नोंदी तर ठेवाव्या लागतातच. तक्ते, राखीव कपाटाच्या चिठ्ठ्या आणि वर्गाच्या भेटींची वही यांतून त्या आपोआप तयार होतात, वेगळं काही करावं लागत नाही.

तुम्हाला या महिन्यात काय करायचं ते सांगते. पुढच्या सत्रात ज्या पेपरचा अभ्यासक्रम नवा आहे असा एक निवडा, आणि तो शिकवणारे प्राध्यापक जरा मोकळेपणानं बोलणारे असतील असं पाहा. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतः काढून घ्या, त्यांच्याकडे मागू नका. दोन दिवस घालवून तक्ता करा. तो ई-मेलनं पाठवू नका. छापून, त्यातलं सर्वांत चांगलं एक पुस्तक खूण घालून सोबत घेऊन, त्यांच्या विभागात जा. दुपारच्या चहाची वेळ बरी.